पद्मिनीच्या मागच्या आसाचे तेल

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या आणि पुढे ‘पद्मिनी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या फियाटचे इंजिन पुढे असले तरी ओढ मागच्या चाकांना होती, म्हणून वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक फिरू देणारा दंतचक्रांचा संच, म्हणजेच डिफरन्शियल, मागच्या आसाच्या फुगीर पेटीत बसवलेला असे. या गाड्यांची निगा राखणारा जाणता मेकॅनिक तेल कोमट असताना आधी भरण्याचे बूच सैल करी, कारण तेच जाम निघाले तर रिकामी पेटी पुन्हा भरायची कशी, हा प्रश्न उरे; मग खालचे बूच काढून गंधकाच्या उग्र वासाचे काळपट तेल डब्यात गळू देई, बोटांवर चोळून त्यातला धातूचा कीस पाही आणि खालचे बूच परत लावून नवे नव्वद नंबरचे ऑइल भरताना ते भरण्याच्या भोकाच्या कडेशी येताच थांबे. हे खरे कसब होते. मुंबईत टॅक्सी म्हणून धावणारी पद्मिनी 30 ऑक्टोबर 2023 पासून उरली नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या नव्या टॅक्सींत डिफरन्शियल गिअरबॉक्सलाच जोडलेला असल्याने मागच्या पेटीचे हे वेगळे कामही तिच्याबरोबर मावळले.