प्राथमिक आरोग्य केंद्रांचा पैसा

भारतातील प्राथमिक आरोग्य केंद्रांची आखणी सर जोसेफ भोर यांच्या समितीची. १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे त्याचे सूत्र होते आणि त्यासाठी सरकारी खर्चाच्या १५ टक्के रक्कम आरोग्यासाठी ठेवावी, अशी शिफारस होती. ४० हजार लोकवस्तीला एक केंद्र व दोन डॉक्टर, ही समितीच्या दृष्टीने केवळ सुरुवातीची पायरी होती.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि दर विकासगटाला एक अशी केंद्रे निघू लागली. एकेका केंद्रावर ६० हजारांहून अधिक माणसांचा भार पडे. पहिल्या पंचवार्षिक योजनेत आरोग्याच्या वाट्याला जेमतेम ३.३ टक्के रक्कम आली. पुढच्या योजनांत तेवढीही टिकली नाही. महाराष्ट्रात १९६२ पासून ही केंद्रे जिल्हा परिषदांकडे गेली, पण पैशासाठी परिषदांना राज्याकडेच पाहावे लागे.

पैसा किती, याइतकेच तो कुठून येतो यावरही केंद्राचे काम ठरत गेले. १९६६ मध्ये कुटुंबनियोजनाचे स्वतंत्र खाते झाले आणि त्याचा खर्च केंद्र सरकार उचलू लागले. साहजिकच राज्यांचा आणि आरोग्य केंद्रांतील कर्मचाऱ्यांचा ओढा तिकडे वळला. ताप, जुलाब, बाळंतपण यांसाठी नेमलेली परिचारिका नसबंदी शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट गाठण्यात गुंतली. गावकऱ्यांचा विश्वास त्यात गेला, आणि हे नुकसान कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही.

पाचव्या योजनेतील किमान गरजा कार्यक्रमाने १९७४ पासून ग्रामीण आरोग्यासाठी वेगळी तरतूद केली. पुढे ३० हजार वस्तीला एक केंद्र, डोंगरी व आदिवासी भागात २० हजारांना एक, असे निकष ठरले. इमारती वाढल्या. मात्र बांधकाम योजना खर्चात, तर पगार, औषधे आणि डागडुजी बहुतांशी राज्यांच्या योजनेतर खर्चात मोडे. राज्याची तिजोरी आटली की पगार थांबवता येत नसत. कात्री औषधांना लागे. दवाखाना सरकारी, पण गोळ्या बाहेरून आणा, असे गरिबांना ऐकावे लागे. त्या एका वाक्याने फुकट उपचारांचा अर्थच हरवला.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने यात खरा बदल केला. आशा स्वयंसेविका आल्या, रुग्ण कल्याण समित्या आल्या. उपकेंद्राला वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित निधी मिळू लागला. रक्कम लहान, पण किरकोळ दुरुस्तीसाठी तालुक्याला खेटे घालणे वाचले. सार्वजनिक आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २ ते ३ टक्क्यांवर नेण्याचे अभियानाचे लक्ष्य मात्र हुकले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्के गाठण्याचे आणि त्यातील दोनतृतीयांश प्राथमिक सेवेला देण्याचे ठरवले. २०२१-२२ मध्ये, महामारीच्या वाढीव खर्चासह, सार्वजनिक आरोग्यखर्चाचे प्रमाण १.८४ टक्के होते. पंधराव्या वित्त आयोगाने पाच वर्षांसाठी ७०,०५१ कोटी रुपयांचे आरोग्य अनुदान स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत सुचवले.