मृत म्हटलेला थर

लोहचुंबकाचे दोन तुकडे केले, तर दोन लोहचुंबक होतात, हें आपण शाळेंतच शिकतों. पण धातु पातळ करीत करीत चार-दोन परमाणूंच्या जाडीचा पापुद्रा उरला, तर त्यांत चुंबकत्व राहील काय ? या बाळबोध प्रश्नानें पदार्थविज्ञानवेत्त्यांना तीसएक वर्षें झुलविलें.

१९५१ मध्यें क्लाइन व स्मिथ यांनीं गणित मांडलें कीं, पापुद्रा पातळ होत गेला असतां त्याचें चुंबकत्व झपाट्यानें घटलें पाहिजे. पाठोपाठ कांहीं प्रयोगांतही घट दिसली. गणित व प्रयोग यांचें असें एकमत झालें, म्हणजे शंका काढणारा अरसिक ठरतो ! परंतु १९५९ मध्यें न्यूगेबाउअर यांनीं अतिनिर्वात पात्रांत निकेलचे पापुद्रे तयार केले आणि हवेचा स्पर्श होऊं न देतां तेथेंच ते मोजले. सुमारें २० अँगस्ट्रॉमचा, म्हणजे दहाएक परमाणु-थरांचा पापुद्राही जाड निकेलच्याच तोलाचा निघाला. धातूच्या स्वभावावर घातलेला दोष आतां हवेंतील ऑक्सिजनाकडे व त्यानें चढविलेल्या गंजाकडे वळला.

वाद मात्र मिटला नाहीं. १९७० मध्यें लीबरमन व त्यांचे सहकारी यांनीं द्रावणांत विद्युत्प्रवाहानें थर चढवून मोजमाप केलें, व पृष्ठभागाजवळचे कांहीं थर ‘मृत’ असल्याचें जाहीर केलें. शब्द मोठा नाटकी. तो जिभेवर बसला. पुढें १९७८ मध्यें बर्गमन यांना शिसें-बिस्मथच्या मिश्रधातूवरील निकेलचे पहिले दोनएक थर खरोखरच निश्चेष्ट आढळले. मग खरें कोणाचें ? माझ्या मतें प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. पृष्ठभाग जिवंत कीं मृत, हें एकट्या निकेलकडून कळणारें नव्हतें. सांध्यापलीकडे कोणते परमाणु कसे बसले आहेत आणि त्यांचे व निकेलचे इलेक्ट्रॉन कसे मिसळतात, यावर सारें अवलंबून असतें. पलीकडे कोणीच नसेल तर ? १९८३ मध्यें ओनिशी, फ्रीमन व वाइनर्ट यांच्या गणनेंत स्वच्छ लोखंडाच्या अगदीं वरच्या थरांतील परमाणूचें चुंबकत्व आंतल्या परमाणूपेक्षां सुमारें तीस टक्क्यांनीं अधिक भरलें. मृत म्हणून हिणविलेला तो हा थर !

सांध्याचें हें माहात्म्य फ्रान्सच्या लुई नेएल यांनीं १९५४ मध्येंच ओळखलें होतें. कडेच्या परमाणूला एका बाजूस सजातीय शेजारी नसतो. या एकांगीपणामुळें त्याच्या चुंबकत्वाला विशिष्ट दिशेची ओढ लागते, असें त्यांचें म्हणणें. एरवीं पापुद्र्याचें चुंबकत्व त्याच्या प्रतलांत आडवें पडून असतें. १९६८ मध्यें ग्राडमन व म्यूलर यांनीं तांब्याच्या स्फटिकावर निकेल-लोखंडाचा अत्यंत पातळ पापुद्रा वाढविला, तेव्हां तें चक्क ताठ उभें राहिलें.

२०१० मध्यें जपानच्या तोहोकु विद्यापीठांतील संशोधकांनीं कोबाल्ट-लोह-बोरॉनचा १.३ नॅनोमीटर जाडीचा थर मॅग्नेशियम ऑक्साइडला भिडवून संगणकाच्या स्मृतीसाठीं उपयुक्त असा घटक बनविला. त्यांतील चुंबकत्वही उभें असतें, आणि त्याला उभें करतो तो सांध्यावरील लोखंड व ऑक्सिजन यांचा बंध. ज्याला पात्राबाहेर ठेवण्यासाठीं न्यूगेबाउअर यांनीं इतका आटापिटा केला, तोच हा ऑक्सिजन.