नाशिक येथील एका वकिली दफ्तराची मांडणी

जुन्या कागदांच्या शोधांत हिंडणाऱ्यांचे पाय वाडे, मठ व क्षेत्रोपाध्यायांचीं घरें यांकडे आपोआप वळतात. वकिलाच्या कचेरीकडे सहसा वळत नाहींत. वास्तविक इनाम, वतन, देवस्थान किंवा वांटणी यांचा तंटा कोर्टांत गेला म्हणजे घरांतील मूळ कागद प्रथम वकिलाच्या हातीं पडत, व निकालानंतर ते परत न्यावयाचें पक्षकार पुष्कळदां विसरत. नाशिक शहरांतील अशाच एका लहान कचेरीचें दफ्तर लावण्याचें काम आमच्याकडे आलें. जुनीं पुडकीं रद्दींत घालावयाचें जवळजवळ ठरलेंच होतें. फडताळ रिकामें हवें होतें.

जुन्या कारकुनाची रीत साधी होती. प्रत्येक दाव्याचें एक पुडकें. त्यांत वकीलपत्र, फिर्याद, कैफियत, निशाण्यांच्या नकला व हुकूमनामा. एका गांवचीं पुडकीं एका रुमालांत, आणि रुमालास चिठी. पेशवे दफ्तराचे कागदहि रुमालांतच बांधलेले आहेत, हें वाचकांस सांगणें नकोच. गांव हा मुख्य आधार मात्र कारकुनानें नाशिकच्या तीर्थोपाध्यायांपासून उचलला असावा, असा आमचा तर्क आहे. त्यांच्या नामावळ्याहि गांव व आडनांव यांवरूनच उलगडतात. यात्रेकरूनें गांव सांगितलें कीं त्याच्या आजाची सही पुढें येते.

येथें आमची चूक कबूल करणें प्राप्त आहे. पहिल्या दोन दिवसांत आम्हीं संशोधकाच्या हौसेनें तीन रुमाल सोडले, त्यांतील मोडी कागद वेगळे काढले, व सनदा, खतें, महजर, पत्रें असे विषयवार लावले. मांडणी मोठी देखणी दिसली. तिसऱ्या दिवशीं एक बिनतारखी याद हातीं आली. तींत चार शेतांचीं नांवें व आडनांवांशिवाय तीन असामी. गांव नाहीं, परगणा नाहीं. आपल्या पुडक्यांत ती असती तर वरच्या फिर्यादीनें गांव, घराणें व तंटा हीं तिन्ही सांगितलीं असतीं. विषयवार ढिगांत ती मुकी झाली.

कायद्याचेंहि म्हणणें याहून निराळें नाहीं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील ९० व्या कलमानें तीस वर्षांचा दस्तऐवज योग्य ताब्यांतून आला असल्यास त्यावरील सही व हस्ताक्षर खरें धरण्याची मुभा कोर्टास होती. १ जुलै २०२४ रोजीं अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि हें तत्त्व कायम आहे. कागद काय म्हणतो याइतकेंच तो कोठून आला हें महत्त्वाचें. विषयवार निवडीस आमचा विरोध नाहीं. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं संपादिलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत निघाले, त्यांत विषयवार विभागणी आहे व ती फार सोयीची आहे. परंतु ती छापील खंडांतील विभागणी. तिच्यासाठीं मूळ कागदांचे विषयवार ढीग घालावे लागत नाहींत.

मग आम्हीं उलट फिरलों. टांचणीचीं भोंकें, गंजाचे डाग व घड्या जुळवून बहुतेक कागद आपापल्या पुडक्यांत परत घातले. यास पूर्वीच्या कामाच्या चौपट दिवस लागले. पुढील रुमालांस हात लावतांना आधीं रुमालाचा अंक, मग पुडक्याचा, मग कागदाचा, असे तीन अंक पेन्सिलीनें मागील बाजूस घातले. विषय केवळ यादवहींत लिहिले. चालू दाव्यांसाठीं निराळें कपाट व आवकजावक बारनिशी ठेविली. तीबद्दल विशेष लिहिण्यासारखें नाहीं. मूळ कागद पक्षकारांचे असल्यानें त्यांची नक्कल येथें देत नाहीं. वारसांचा शोध वकील करीत आहेत, आणि रद्दीचा बेत त्यांनीं सोडला आहे.

ती याद मात्र अद्याप कोणत्याच पुडक्यांत बसलेली नाहीं. ती स्वतंत्र पाकिटांत ठेवून वर "रुमाल १ ते ३ पैकीं, जागा आमच्या हातून हरवली" असें लिहून ठेविलें आहे.