कोलंबियाचा ३.९ टक्के हा आकडा नेमका कसा वाचायचा?

एप्रिल महिना लागला की आपल्या समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोलंबिया विद्यापीठाचे फोटो फिरू लागतात. लो ग्रंथालयाच्या पायऱ्या, लेहमन ग्रंथालयातला बाबासाहेबांचा अर्धपुतळा, आणि खाली साधारण अशी ओळ: जिथे शंभरातून चारच जण घेतले जातात, तिथे आपला बाप शिकला. अभिमान रास्तच आहे. पण त्याच सुमारास, मार्चअखेरीस, कोलंबियाच्या पदवी प्रवेशाचे निकाल लागलेले असतात, आणि मग पालकांची विचारणा सुरू होते. मुलीला बारावीला ९४ टक्के आहेत, जमेल का? एजंट म्हणतो चार टक्क्यांत बसवून देतो, खरं असेल का? प्रॉव्हिडंट फंड काढायचा का?

या प्रश्नांची उत्तरं त्या एका टक्केवारीत नाहीत. ती कशी तयार होते आणि तिच्यात काय दडलेलं असतं, ते आम्ही इथे मांडतो आहोत. उदाहरण म्हणून कोलंबियाच घेतलं आहे, कारण ते आपल्या ओळखीचं नाव आहे. बाकीच्या नामांकित खासगी अमेरिकी विद्यापीठांचं गणितही बरंचसं असंच चालतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. २०२३ च्या शरद ऋतूत सुरू झालेल्या वर्गासाठी कोलंबियाकडे ५७,१२९ अर्ज आले आणि २,२४६ जणांना प्रवेश देऊ केला गेला. भागाकार केला की ३.९ टक्के येतात. हा आकडा कोलंबिया कॉलेज आणि अभियांत्रिकी शाखेच्या चार वर्षांच्या पदवीचा आहे. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते बडोदा संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि ते गेले पदव्युत्तर शिक्षणासाठी. १९१५ ला एम.ए., १९१६ च्या मे महिन्यात भारतातील जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध, १९२७ ला पीएच.डी. आपली बहुतेक मुलंही आज पदव्युत्तर शिक्षणालाच जातात. म्हणजे ज्या आकड्याने आपण छाती फुगवतो किंवा घाबरतो, तो बाबासाहेबांनाही लागू नव्हता आणि आपल्या बहुतेक मुलांनाही लागू नाही.

भागाकारातला छेद

आपल्याकडे सीईटीनंतर कॅप राउंडची यादी लागते. कोणत्या कॉलेजला, कोणत्या शाखेला, कोणत्या प्रवर्गाला किती पर्सेंटाइलवर जागा बंद झाली, ते सगळ्यांना दिसतं. चूक वाटली तर तक्रार करता येते. अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठात कटऑफ नसतो, गुणवत्ता यादी नसते, नाकारल्याचं कारणही कळवत नाहीत. बाहेर येते ती फक्त वरची टक्केवारी. म्हणून तिच्याकडे कटऑफसारखं पाहण्याची आपली सवय इथे फसवते.

टक्केवारी दोन कारणांनी घसरू शकते. जागा कमी झाल्या तर, किंवा अर्ज वाढले तर. कोलंबियाच्या पदवी वर्गाच्या जागा वर्षानुवर्षं साधारण दीड हजारांच्या घरात आहेत. पण करोनाच्या वर्षी एसएटी-एसीटीची सक्ती उठली आणि अर्ज सुमारे ४० हजारांवरून एका वर्षात ६० हजारांवर गेले. दर सहा टक्क्यांच्या आसपास होता तो ३.७ वर आला. विद्यापीठ तेच, इमारती त्याच, प्राध्यापक तेच. वाढली ती नाकारल्या गेलेल्यांची संख्या. आणि अर्ज म्हणजे माणूस नव्हे. कॉमन अॅपवरून एक विद्यार्थी २० कॉलेजांपर्यंत अर्ज करू शकतो, त्यामुळे एकच मुलगा वीस विद्यापीठांच्या छेदात मोजला जातो. अर्ज मागवायला विद्यापीठं जाहिरातीही भरपूर करतात. तुमच्या मुलाला तिकडून गोड ईमेल आली म्हणजे त्याची निवड होणार असा अर्थ कृपया काढू नका.

दीड हजार जागांसाठी २,२४६ जणांना बोलावलं, हेही लक्षात घ्या. निवडलेल्या प्रत्येक तिघांपैकी साधारण दोघे येतात, हा अंदाज विद्यापीठाला असतो. जितके जास्त लोक येतील तितक्या कमी लोकांना बोलावावं लागतं आणि दर आणखी खाली जातो. म्हणूनच 'अर्ली डिसिजन' ही लवकरची फेरी विद्यापीठांना प्रिय आहे. या फेरीत अर्ज करणारा आधीच लिहून देतो की निवड झाली तर मी येणारच. तिथला दर दोन आकडी असतो, उरलेल्यांचा त्यामुळे एकूण आकड्याहूनही कमी. पण ज्याला चार ठिकाणच्या आर्थिक मदतीची पत्रं शेजारी ठेवून मगच निर्णय घेणं भाग आहे, तो असं वचन बिनधास्त देऊ शकत नाही. लवकरच्या फेरीची सवलत पैशांची चिंता नसलेल्यांना जास्त उपयोगी पडते, हे उघड आहे.

एक चुकीचं गणित फार ऐकू येतं. एका ठिकाणी चार टक्के, मग दहा ठिकाणी अर्ज केले तर कुठेतरी लागण्याची शक्यता ३४ टक्के. प्रत्येक विद्यापीठ डोळे मिटून चिठ्ठी उचलत असतं तर हे बरोबर ठरलं असतं. पण दहाही ठिकाणी तोच निबंध, तीच शिफारसपत्रं, तेच गुण जातात. पहिल्या ठिकाणी जे कमी पडलं ते दहाव्या ठिकाणीही कमीच पडण्याची शक्यता असते.

एसएटीचे गुण

प्रवेश मिळालेल्यांचे एसएटी गुण पट्ट्यात छापतात. खालचा आकडा १५०० च्या आसपास, वरचा १६०० च्या जवळ. हा मधल्या निम्म्या मुलांचा पट्टा असतो. म्हणजे पाव मुलं खालच्या आकड्याच्याही खाली असतात. दुसरी गोष्ट, कोलंबियाने मार्च २०२३ मध्ये ही परीक्षा कायमची ऐच्छिक केली. त्यामुळे छापलेले गुण ज्यांनी ते पाठवले त्यांचेच. कमी गुणांची मुलं ते पाठवतच नाहीत आणि सरासरी आपोआप उंच दिसते. आपल्या मुलाने १४५० पाहून खचू नये, आणि १५५० मिळवणाऱ्याने पेढेही वाटू नयेत.

जन्माची सवलत

आता ज्या भागाकडे आपल्या वाचकांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असं आम्हाला वाटतं, तो. सरासरी दर सगळ्यांना सारखा लागू नसतो. हार्वर्डवरच्या खटल्यात न्यायालयापुढे विद्यापीठाची आतली आकडेवारी आली तेव्हा जगाला हे पहिल्यांदा एवढं उघड दिसलं. ज्यांचे आईबाप हार्वर्डचे माजी विद्यार्थी होते त्यांच्यातल्या साधारण तिघांत एकाला प्रवेश मिळत होता. इतरांचा दर सहा टक्क्यांच्या आसपास होता. अर्थतज्ज्ञ पीटर आर्सिडियाकोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच आकडेवारी तपासली. निवड झालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं किंवा देणगीदारांशी संबंधित अशा खास यादीतले होते. कृष्णवर्णीय, आशियाई आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या खाली होतं.

राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये कोलंबियासह बारा नामांकित विद्यापीठांचा अभ्यास मांडला. परीक्षेतले गुण सारखेच असताना सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं या विद्यापीठांत शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक होती.

आरक्षणामुळे मेरिट मरतं, हे वाक्य ज्यांनी आयुष्यभर आपल्याला ऐकवलं, त्यांच्या मुलांच्या स्वप्नातली विद्यापीठं बापाच्या डिग्रीवर मुलाला प्रवेश देतात. त्याला तिकडे 'लेगसी' म्हणतात. आपल्याकडे त्याला काय म्हणायचं हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. जॉन्स हॉपकिन्स आणि अॅमहर्स्टने ही पद्धत सोडली आहे, म्हणजे ती सोडूनही विद्यापीठ चालतं.

उलट वंश विचारात घेण्यावर अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी बंदी आणली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांच्या सवलतीला त्या निकालाने हात लावला नाही. कोलंबियाच्या पुढच्याच वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं प्रमाण २० वरून १२ टक्क्यांवर आलं, आशियाई ३० वरून ३९ वर गेलं. या आकड्यांची बेरीज करू नका. एक विद्यार्थी दोन-तीन रकाने भरू शकतो, त्यामुळे सगळे वर्ग मिळून शंभराच्या पुढे जातात. काही विद्यार्थी वंश सांगतच नाहीत, आणि त्यांना छेदात धरायचं की वगळायचं हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. दोन विद्यापीठांची तुलना करताना हे पाहिलं नाही तर निष्कर्ष चुकतो.

आशियाई ३९ टक्के, हे वाचून काही भारतीय मंडळींना आनंद झाला. पण त्या 'आशियाई'त चिनी, कोरियन, व्हिएतनामी, भारतीय सगळे एकत्र असतात, आणि जात कुठेच मोजली जात नाही. भारतातून थेट गेलेला विद्यार्थी तर बहुतेक तक्त्यांत आशियाईतही धरत नाहीत. तो 'परदेशी' या एका ओळीत जातो. नागपूर किंवा औरंगाबादहून गेलेली आपली मुलगी आणि दक्षिण मुंबईच्या आंतरराष्ट्रीय शाळेतला मुलगा त्या ओळीत एकसारखे दिसतात. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ च्या डिसेंबरमध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ च्या जानेवारीत भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला, तो आंबेडकरी कार्यकर्त्यांच्या लढ्यामुळे. तक्रार करण्याची सोय झाली, मोजणी मात्र अजून नाही. जे मोजलं जात नाही त्यावर प्रश्न विचारणं कठीण असतं, हे जनगणनेच्या मागणीतून आपण ओळखतोच.

आकडे देतं कोण?

विद्यापीठ स्वतःच देतं. कोलंबियाच्याच गणित विभागातले प्राध्यापक मायकल थॅडियस यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये दाखवून दिलं की आपल्या विद्यापीठाने यूएस न्यूज क्रमवारीला दिलेले कित्येक आकडे जुळत नाहीत. वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग ८० टक्क्यांहून जास्त असल्याचं सांगितलं होतं. विद्यापीठाने नंतर स्वतः प्रसिद्ध केलेल्या माहितीत ते सुमारे ५७ टक्के निघाले. कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर घसरलं, आणि २०२३ मध्ये त्या क्रमवारीतून बाहेरच पडलं. आपल्या नोकरदात्याविरुद्ध हिशेब मांडणाऱ्या त्या प्राध्यापकाबद्दल आम्हाला आदर वाटतो.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असो की केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, दोन्हींत विद्यापीठाच्या क्यूएस जागतिक क्रमवारीला महत्त्व आहे. केंद्राच्या १२५ पैकी ११५ जागा अनुसूचित जातींसाठी आहेत. क्यूएस ही वेगळी क्रमवारी आहे. तिच्यात नावलौकिकाची सर्वेक्षणं, संशोधनाचे संदर्भ वगैरे मोजतात, प्रवेशदर मोजत नाहीत. त्यामुळे कमी प्रवेशदराचं विद्यापीठ क्यूएसमध्ये वर असेलच असं नाही, आणि एखादं उत्तम छोटं कॉलेज, जिथे फक्त पदवी शिक्षण दिलं जातं, त्या यादीत नसेलही. एजंटने सांगितलेलं 'टॉप' विद्यापीठ कोणत्या यादीत टॉप आहे, हे अर्जाआधी विचारा.

पदव्युत्तरला जाणाऱ्यांसाठी

इथे प्रत्येक विभागाचा दर वेगळा असतो. पीएच.डी.ला जागा मोजक्या, पण प्रवेश मिळाला की बहुधा फी माफ आणि वर विद्यावेतन. मास्टर्सला प्रवेश तुलनेने सोपा असतो आणि खर्च बहुतेक स्वतःचा असतो. विद्यापीठांसाठी मास्टर्स हा उत्पन्नाचा मोठा मार्ग आहे, हे तिकडचे प्राध्यापकही मान्य करतात. '३.९ टक्केवाल्या' विद्यापीठात मुलाची निवड झाली म्हणून घर गहाण टाकण्याआधी विभागाला ईमेल करून तीन गोष्टी विचाराव्यात: या अभ्यासक्रमाला किती अर्ज आले, किती जणांना पूर्ण मदत मिळाली, मागच्या तुकडीतली परदेशी मुलं आज कुठे काम करतात. उत्तर टाळलं तर तेही एक उत्तरच समजा.

पदवीसाठी जाणाऱ्यांनी विद्यापीठाच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' लिहून शोधावं. ही ठरावीक नमुन्यातली माहिती असते आणि बहुतेक विद्यापीठं ती दरवर्षी फुकट टाकतात. कोलंबियाने मात्र थॅडियस प्रकरणानंतरच ती टाकायला सुरुवात केली. सी१ मध्ये अर्ज, निवड आणि प्रत्यक्ष आलेले. सी७ मध्ये कोणत्या गोष्टीला किती महत्त्व, तिथे माजी विद्यार्थ्यांशी नातं हा रकानाही दिसेल. सी९ मध्ये गुण, आणि किती टक्के मुलांनी ते पाठवले तेही.

आणि एच६ नक्की पाहा. परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना विद्यापीठाने स्वतःच्या पैशातून मदत दिली आणि सरासरी किती, ते तिथे असतं. कोलंबियात वर्षाचा एकूण खर्च ९० हजार डॉलरच्या आसपास जातो. अमेरिकी नागरिकाने मदत मागितली तर निवडीवर परिणाम होत नाही, परदेशी अर्जदाराने मागितली तर तो विचारात घेतला जातो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अॅमहर्स्ट परदेशी विद्यार्थ्यालाही पैशांवरून नाकारत नाहीत. त्यामुळे यादी करताना आधी एच६ चा आकडा लिहावा, प्रवेशदर त्याच्या शेजारी लिहावा.