शकूआत्याचं परकर-पोलकं

परवा माळा आवरताना आजीच्या ट्रंकेत खणाचं छोटं परकर-पोलकं सापडलं. शकूआत्याचं. १९४६ साली, चौथ्या वर्षी ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. "मुंबईला न्यायला मीच उशीर केला," आजी शेवटपर्यंत म्हणायची.

मग शोधून वाचलं... लहान मुलांच्या या आजारात गुण दिसलेलं पहिलं औषध, अमिनोप्टेरिन, बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीस देऊन पाहिलं. ते तयार झालं आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत! १६ पैकी १० मुलांना उतार पडला, तोही तात्पुरता.

म्हणजे आजी, तू उशीर केलाच नव्हतास गं. तेव्हा जगात कुठेच यावर औषध नव्हतं.

एवढं तुला सांगायचं राहून गेलं.