माजघर आणि क्रोधागार

फ्रेंच भाषेत स्त्रीच्या खासगी दालनास ‘बूद्वार’ म्हणतात. त्याच्या मुळाशी ‘रुसणे’ या अर्थाचा धातु आहे. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडातील कैकेयीचे क्रोधागारही त्याच जातीचे. रत्नागिरीकडील जुन्या घरांत मात्र अशी खोली सहसा आढळत नाही. ओटी पुरुषांची, माजघर स्त्रियांचे. परंतु ‘माज’ म्हणजे संस्कृत ‘मध्य’, प्राकृत ‘मज्झ’. ओटीवरून स्वयंपाकघराकडे जाणाराची वाट त्यातूनच. दार लावून घेण्याची मुभा स्त्रीस मिळे ती बाळंतिणीच्या खोलीत, तीही विटाळाच्या दिवसांपुरती. एरवी रुसणे-रडणेही चारचौघींत. आपण आजवर कागद जमविले ते बहुतेक ओटीवरचे. यापुढे दप्तर पाहावयास जाणाराने घरच्या वडील स्त्रीस विनंती करून माजघरातील फडताळही पाहावे. ओव्यांची एखादी वही तिने जपली असेल तर ती तेथेच सापडावयाची.