मोंगल बालस्वार

इ. स. १२४५ मध्यें पोपचा वकील म्हणून कार्पिनी हा ख्रिस्ती साधु मोंगल दरबारीं जाण्यास निघाला. परत आल्यावर त्यानें लिहिलेल्या वृत्तांतांत युद्धांच्या व खानांच्या हकीकती पुष्कळ आहेत. परंतु आम्हांस त्यांतील एक लहानशी नोंद अधिक बोलकी वाटते. मोंगलांचीं मुलें दोन-तीन वर्षांचीं झालीं कीं घोड्यावर बसूं लागतात, दौडही करतात, आणि त्यांच्या अंगाबेताचें धनुष्य त्यांच्या हातीं देतात, असें तो सांगतो. मुलीही यांत मागें नसत.

प्राचीन इराणी लोक मुलास पांचव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत अश्वारोहण, तिरंदाजी व सत्य बोलणें या तीनच गोष्टी शिकवीत, असें हिरोडोटस म्हणतो. (तिसरा विषय पहिल्या दोहोंहून अवघड असावा!) तें शिक्षण झालें, मोंगलांकडे शिक्षणापेक्षां सहवासच अधिक. उन्हाळ्यांत घोड्यांचें दूध काढावयाचें, तर शिंगरें तंबूजवळ ताणलेल्या दोरास बांधून ठेवतात. पिलांच्या ओढीनें घोड्या परततात आणि दिवसांतून अनेक वेळां धार काढली जाते. अशा घरीं रांगणाऱ्या मुलाचें अंगण म्हणजेच तबेला. खोगिरावर चढण्यापूर्वींच घोड्याचा वास, त्याचे कान, त्याची लाथ यांची त्यास ओळख झालेली असते. कझाक लोक तर लहानग्यांसाठीं ‘अशामाय’ नांवाचें निराळें खोगीर करीत. त्यास पुढें-मागें लाकडी आधार असल्यानें मूल सहजासहजीं पडत नसे.

या खोगिरांत आईबापांची काळजी दिसते. शर्यतींत मात्र हिशेब पालटतो. मोंगोलियांत दर जुलैंत होणाऱ्या नादाम उत्सवांतील दौड मोठ्या घोड्यांसाठीं सुमारें २५ किलोमीटरांची असते. कसोटी घोड्याच्या दमाची. म्हणून पाठीवरचा भार हलका हवा, आणि म्हणून स्वार बालक! येथें मुलाचें कौशल्य हवें असतें हें खरें, पण त्याचें वजन कमी असणें हें त्याहून अधिक हवें असतें. मान मुख्यतः घोड्याचा व त्यास तयार करणाराचा. दोन वर्षांच्या घोड्यांत शेवटीं आलेल्यासही गीत गाऊन, पुढील वर्षीं पहिला येशील, असें समजावतात; ही रीत मोठी गोड आहे. तथापि भरधांव घोड्यावरून पडून मुलें जायबंदी होत, कांहीं प्राणासही मुकत. पुढें कायद्यानें स्वाराचें किमान वय सात वर्षें ठरविलें. सात हें वय आम्हांस अद्यापि कोवळेंच वाटतें. मुलांस शिरस्त्राणही सक्तीचें झालें आहे.